निजले असताना घेतलेलं माप

कासा. पौषातला रविवार, संध्याकाळ.

मी बोलते, नात लिहिते. दुपारी ओटीवर डोळा लागला होता. जाग आली तर मुलगा महादू माझ्या टाळूपासून टाचेपर्यंत दोरी ताणून बसलेला! निजलेल्या माणसाचं माप आमच्याकडे फक्त तिरडीसाठी घेतात. म्हटलं, “बांबू आणलेस का रे?”

त्याचा चेहराच उतरला. “आये, काहीतरीच! गाडीसाठी घेतोय.”

गाडी म्हणजे जीपमागे जोडायची प्लायवूडची खोली. आंब्याच्या कोयीसारखी दिसते, आत दोघांपुरतं अंथरूण. दिवाळीपासून अंगणात ठोकाठोक चालू आहे. मला वाटलं, नवराबायकोच फिरणार. मला कोण नेतंय? विचारलंही नाही. नाही म्हणाला असता तर? पण दोरी तर माझ्याच अंगावर होती…

सून म्हणाली, “तुम्हाला वरोरला समुद्राजवळ निजायचंय ना? आपण दोघी आत. हे बाहेर तंबूत.”

मग दोरी बघितली, तर वीतभर आखूड. मी झोपेत गुडघे दुमडते, हे त्याला कुठलं सुचायला? पुन्हा ताठ आडवी झाले. म्हटलं, “आता नीट माप. आणि तोंड असं पाडू नको, शेजारणीने बघितलं तर रडतच येईल.”