हवेतल्या रिक्षेला उजवा कौल

११ जानेवारी, रविवार

गच्चीथांबा डॉट कॉम घेतलं! कोणालाही न विचारता.

हवेतल्या टॅक्सी येणार आहेत. आज नाही, पण येणार. उतरणार कुठे? खाली रस्त्यावर माणसाला पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे सोसायट्यांच्या गच्चीवर. नाहूरच्या प्रत्येक बिल्डिंगवर एक थांबा! ज्या कंपनीला हा धंदा करायचाय तिला वेबसाइटला नाव लागेल, आणि तोपर्यंत ते माझ्याकडे असेल. वर्षाचं भाडं भरायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. इतकं सोपं आहे की कोणाला सुचत नाही.

श्वेताला सांगितलं. ती डबे घासत होती. म्हणाली, "आपल्या गच्चीला सेक्रेटरीने कुलूप लावलंय." बायकोला लांबचं दिसत नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ खाऊन झाल्यावर विषय काढला. नोकरी सोडतो आणि पूर्ण वेळ नावांचंच काम करतो. अंधेरीच्या ऑफिसात बसून लिफ्टच्या सुट्या भागांची कोटेशनं टाइप करायची, हे मला आता खरंच सहन होत नाही. जीव गुदमरतो. नावं शोधताना मात्र वेळ कसा जातो कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं असं जमतंय.

श्वेता ओरडली नाही. ती मुलुंडला पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, दिवसभर लोकांची भांडणं ऐकून तिचा आवाजच चढत नाही. म्हणाली, "दोघांपैकी एकाची नोकरी राहिलीच पाहिजे. एक नाव विकून दाखव, मग नोकरी सोड."

मान्य केलं. एक तर विकायचंय!

१८ जानेवारी

आईला कळलं. "नाव घेतलंस? देवाक इचारल्याशिवाय?"

आमच्याकडे गावच्या रवळनाथाचा कौल घेतल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नाहूरचा फ्लॅट कौल घेऊन घेतला. फ्रिज कौल घेऊन. श्वेतासुद्धा कौल घेऊन. गच्चीथांबा हे घरातलं पहिलं बिनकौलाचं.

आईने शपथ घातली. यापुढे देवाआधी नाव घ्यायचं नाही.

२५ जानेवारी, रविवार

देवळात फोन लावला. रतनकाका गुरवांनी स्पीकर चालू केला, आम्हीही केला. मी आणि आई सोफ्यावर, श्वेता बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. पलीकडे दर्शनाला आलेली बरीच माणसं असावीत. काकांनी सूर लावला —

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! तुझो लेकरू नितेश मुंबैत बसान हवेतल्या रिक्षेचा नाव घेवक बघता हा. उडनरिक्षा डाट काम! तेका उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ.

उजवी पडली. दुसरं नाव विमानमावशी. डावी पडली. ते देवाला पटलं नाही, आणि मोकळेपणाने सांगायचं तर मलाही नव्हतं पटलं.

आईने फोनला नमस्कार केला, मी लॅपटॉप उघडला — आणि उडनरिक्षा गेलं! सकाळी रिकामं होतं, मी स्वतः बघितलं होतं. घेणाऱ्याचं नाव दिसत नाही, ते झाकून ठेवायची सोय असते.

आई म्हणाली, देवाने परीक्षा बघितली.

१ फेब्रुवारी

ढगस्टँड. उजवा कौल. गेलं.

विमानमावशी अजून तसंच पडलंय, कोणी हात लावलेला नाही. म्हणजे चोर फक्त उजवी नावं उचलतो. चोर आहे, पण कौल मानणारा आहे. म्हणजे गावचाच!

७ फेब्रुवारी

हाताशी आता गच्चीथांबा सोडून काही नाही, आणि त्याला कोणी विचारत नाही. आज साहेबांनी शनिवार असून बोलावलं. एक कोटेशन दोनदा चुकलं. अशाने मी तिथेच म्हातारा होईन. देवळात उभं राहून कोणीतरी माझं नशीब मोबाइलवर पळवतोय, या विचाराने डोकं फुटायची वेळ आलीय.

८ फेब्रुवारी

सापळा लावला.

रतनकाकांना सांगितलं, नैवेद्य झाला की देऊळ रिकामं करा, मग एकट्यानेच कौल लावा. नाव मुद्दाम टाकाऊ दिलं. रिक्षावाल्यापुढे आपण रोज वाकून जे विचारतो तेच — येणारका डॉट कॉम. अशा नावाची कंपनी कोण काढणार? आई इथे सोफ्यावर हसली. काका पण गाऱ्हाण्यात दोनदा अडखळले.

उजवी पडली. आणि तेसुद्धा गेलं!

देवळात एकटे रतनकाका. सापडला.

९ फेब्रुवारी

फोन करून तोंडावर बोललो. देवाच्या पायाशी उभं राहून हे धंदे करता, असंही बोललो. मग काका शांतपणे म्हणाले, "झिला, माझो फोन बटणाचो आसा. तेच्यात घंटी वाजता आणि बॅटरी लागता, तिसरा काय येणा नाय. नाव आयकणारो मी एकटोच होतंय? तुझ्या घरात कोण कोण होता, ता बघ आदी."

आईने सगळं ऐकलं. जेवली नाही. माझ्याशी बोललीही नाही. रतनकाका तिला दर भाऊबीजेला साडी पाठवतात.

१० फेब्रुवारी

घरात आई होती आणि श्वेता होती. आईला मोबाइलवर फोटो मोठा करता येत नाही.

११ फेब्रुवारी

विचारलं. वाटलं होतं, चिडेल, रडेल, नाही म्हणेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"हो. मीच घेतली."

"आणि डावी आलेली?"

"ती नाही घेतली. विषाची परीक्षा कशाला बघा?"

मी पेटलो. माझी नावं, माझी मेहनत, मी गुरवाला चोर ठरवलं, आई जेवत नाही! सगळं बोलून घेतलं. माझा दम संपेपर्यंत तिची जुडी निवडून झाली. मग म्हणाली, "तू देवाला विचारलंस, गुरवाला विचारलंस, अख्ख्या गावाला स्पीकरवर विचारलंस. मला एकदा तरी विचारलंस का रे, श्वेता, कुठलं घेऊ? दिवसभर काउंटरवर मी नावंच ऐकते ना. माणसाच्या तोंडात काय बसतं ते मला कळतं. गच्चीथांबा बसत नाही. तिथेच जीभ थांबते."

"आणि येणारका बसतं?"

"भांडुप स्टेशनबाहेर उभा राहा आणि ऐक. अख्खी लाइन तेच बोलते. तू गंमत म्हणून टाकलंस, मला नाही हसू आलं."

मी म्हटलं, ते जन्मात विकलं जाणार नाही. ती म्हणाली, बघू.

राग आहेच. पण त्याहून वाईट हे वाटतं की मी तिला खरंच एकदाही विचारलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

रतनकाकांना फोन करून माफी मागितली. "माका काय्येक नाय," म्हणाले. आईशी बोलायला द्या म्हणाले. दोघं बराच वेळ माझ्यावर बोलत होती. आई जेवली.

२० फेब्रुवारी

गच्चीथांबाबद्दल पहिली ईमेल आली! डेकोरेटर आहे, कांदिवलीचा. गच्चीवर मंडप घालतो. फुकट मिळेल का विचारतोय.

२ मार्च

येणारका विकलं गेलं. बंगळुरूची कंपनी आहे, हवेतल्या टॅक्सीचीच. श्वेता आज लॅबमध्ये राजीनामा देऊन आली. अट मीच मान्य केली होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. दोघांपैकी एकाची नोकरी राहिलीच पाहिजे. उद्या साहेबांनी लवकर बोलावलंय.