काटा पहिल्यापासून खोटा

ता. १९ नोव्हेंबर
मंगळवार, दुपार

प्रिय भावोजी,

वहिनीचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालते. सासूबाईंचा गुडघा आता पुष्कळ बरा आहे, जिना एकट्या उतरतात. मोरीतला नळ गळत होता, त्याचा वायसर शेवटी मीच बदलला. तुमचे दादा बरे आहेत. बरे म्हणजे काय, ते पुढे लिहिते.

परवा तुमचा फोन आला तो सासूबाईंनी घेतला. तुम्ही त्यांच्यापाशी रडलात म्हणे. फोन ठेवून त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. "धाकट्याला धक्क्यावर चारचौघांत तोंडघशी पाडलं गं कुणीतरी. कुणाच्या डोळ्यांत खुपत असेल तो?" मी भाजी चिरत होते. म्हटलं, "कळेल हळूहळू."

म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मधेमधे बोलता. कागदावर ती सोय नाही.

आधी थोडी आठवण करून देते, कारण सोयीचं नसलं की तुम्हाला विसर पडतो. बोट तुम्हा दोघा भावांची. सुकाणू दादांच्या हातात, मोटरीची देखभाल तुमच्याकडे. त्या वाऱ्याच्या दिवशी भर पाण्यात मोटर जाम झाली, बोट वाहत जाऊन खडकावर आदळली आणि शाळेतल्या बाईंचा हात मोडला. बोटवाल्यांच्या संघटनेची बैठक बसली. कुणी काही विचारायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "दादाला मी कितीदा सांगितलं, मोटर एवढी पळवू नकोस, काटा लालमध्ये जातो. ऐकेल तर शपथ."

उतारूंनीही काटा लालमध्ये पाहिला होता. तो होताच लालमध्ये. मोटरीचे फेरे मोजणारा काटाच तसं म्हणतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? अध्यक्षांनी दादांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काटा वर होता खरा. पण मोटरीचा आवाज तसा नव्हता."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे काटा खोटा आणि तुमचे कान खरे?"

खोली हसली. मी दारात उभी होते, भावोजी. तुम्ही हसलात तेही मी पाहिलं.

उतारू नेण्याची फेरी तुमच्याकडे गेली, बोट तुमच्याकडे गेली. ते मी एक वेळ गिळलं असतं. पण तुम्ही त्यांचे कान घेतलेत. ज्या माणसाला बोट दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, कुणाची मोटर येतेय ते कळायचं, तो माणूस पुढे घरातला पंखा लागला तरी मला विचारायचा, "हा जास्त फिरतोय का गं?" मिक्सर लावला की दारात येऊन उभा राहायचा. "आवाज बरोबर आहे ना?" आधी मी हसून न्यायचे. मग हो म्हणायचे. मग एके दिवशी लक्षात आलं, की त्यांना खरंच ठरवता येत नाहीये. ते गोदामात पोती मोजायला जाऊ लागले, कारण पोत्यांना आवाज नसतो. हे त्यांचेच शब्द आहेत.

मी बोटींच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये कामाला लागले ती घर चालवायला. आधी सुटे भाग धुवायचे, मग खोलायचे, मग जोडायचे. तुमची समजूत होती की मी तिथे झाडलोट करते. असू दे. त्या समजुतीचा मला फार उपयोग झाला.

गेल्या महिन्यात तुम्ही शेडमध्ये आलात तेव्हा मी पाठमोरी, एका मोटरीत डोकं खुपसून बसले होते. अंगात मिस्त्रींचा जुना सदरा. तुम्ही मिस्त्रींना सांगत होतात, की बोट मोटरीसकट पलीकडच्या काठावरच्या हॉटेलवाल्यांना विकायची आहे, त्यातून मोठी घ्यायची आहे. पण हॉटेलवाल्यांनी चालवून पाहिली, काटा लालमध्ये पाहिला आणि मागे सरले. मग तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, त्यांना तेवढं पटवून द्या. काटा खोटा आहे. पहिल्यापासून खोटा. मोटर कधीच एवढी फिरलेली नाही."

पहिल्यापासून.

माझ्या हातातला पाना खाली पडला. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर मी मिस्त्रींना म्हटलं, ही मोटर मी बघणार. आणि तुमच्या शब्दावर विसंबून नाही. तुमच्या शब्दावर एकदा विसंबून झालं होतं. मोटर खरंच जास्त फिरत असेल, तर बोटीला ढकलणारा पंखा पाण्यात नीट पकड घेत नसणार. पंख्याच्या आतलं रबर सुटलं की मोटर फिरते आणि पंखा मागे राहतो. म्हणून मधल्या दांड्यापासून पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारली आणि बोट पळवून आणली. रेघ तुटली नव्हती, म्हणजे रबर घट्ट होतं. मोटर फार वर टांगली असेल तर पंखा हवा ओढतो. तीही जागेवर होती. शेवटी मिस्त्रींचं दुसरं मीटर प्लगच्या वायरला लावलं. ते म्हणालं साडेचार हजार. तुमचा काटा म्हणाला पावणेसात. नेमका दीडपट.

दीडपट म्हटल्यावर शोधायला काही उरत नाही. तुमचं मीटर खोलून बाहेर काढलं. त्याच्या पाठीवर एक छोटं बटण असतं. मीटर कुठल्या जातीच्या मोटरीला लावलंय ते त्या बटणानं सांगावं लागतं, नाहीतर ते सगळं वाढवून दाखवतं. तुमचं बटण चुकीच्या आकड्यावर होतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टिचकी मारण्याइतकं काम. दादांचं सगळं आयुष्य त्या टिचकीपुरतं अडलेलं होतं.

"मग तेव्हा मोटर जाम झाली कशानं?" मी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाले, "गरम होऊन. मोटर गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चाकाच्या चिंध्या झाल्या होत्या. मीच खोलली होती ना."

"बैठकीत का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं नाही."

ते चाक वेळच्या वेळी बदलायचं काम कुणाचं होतं, ते मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आता गावाला ठाऊक आहे.

बटण मी लगेच फिरवलं नाही. तुमचं मीटर होतं तसं परत बसवलं. मिस्त्रींनी तुम्हाला निरोप दिला, की रविवारी सकाळी हॉटेलवाल्यांना घेऊन धक्क्यावर या, सगळ्यांदेखत सिद्ध करून देतो. तुम्हाला आनंद झाला. अध्यक्षांना मी स्वतः जाऊन बोलावलं. म्हटलं, व्यवहाराला मोठं माणूस साक्षीला असलेलं बरं. त्यांनाही आनंद झाला. मोठं म्हटलं की होतोच.

पुढचं तुम्ही भोगलंत, पण मी कुठून पाहिलं ते सांगते. तिकिटाच्या खोपटाआडून. मिस्त्रींनी दोन्ही मीटर शेजारी धरून दाखवली. हॉटेलवाल्यांनी मान डोलावली. मग मिस्त्रींनी विचारलं, "काटा असा खोटा कधीपासून दाखवतोय, काही अंदाज?" तोंड मिस्त्रींचं होतं. प्रश्न मी त्यांच्याकडून आठवडाभर घोटून घेतला होता.

आणि तुम्ही छाती काढून म्हणालात, "अहो, पहिल्या दिवसापासून! मीच बसवलाय. तेव्हाच कळलं होतं मला."

धक्क्यावर पंधरावीस बोटवाले होते. आधी एकानं मान वर केली, मग दुसऱ्यानं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे बैठकीच्या दिवशीही तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी दिलेला नव्हता. तो त्यांचा त्यांना सुचला. तुमच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं, भावोजी, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? इतकं बरं वाटलं, की मी खोपटाच्या भिंतीला टेकून खाली बसले.

घरी येऊन दादांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते संतापतील. निदान एक शिवी तरी. ते म्हणाले, "म्हणजे आवाज बरोबर होता." पुन्हा म्हणाले, "बरोबर होता ना?" आणि उशीत तोंड घालून लहान मुलासारखे रडले. तुमचं रडणं सासूबाईंनी मला सांगितलं. यांचं मी तुम्हाला सांगते. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

संघटनेनं फेरी दादांना परत दिली, ते तुम्हाला कळलंच असेल. बोटीवरचा तुमचा एकट्याचा हक्कही गेला. हॉटेलवाले मागे सरले, मोठी बोट राहिली.

आता मुख्य निरोप. दादांना बोटीवर दोर धरायला, उतारूंना हात द्यायला माणूस हवा आहे. त्यांनी तुमचं नाव घेतलं. "चुकला, पण पाठचा आहे," म्हणाले. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी पहिल्या फेरीला या. तुमच्याकडे दुसरं काम नाही, तेव्हा याल.

पण एक गोष्ट त्या दोघांना कळलेली नाही, ती तुम्हाला कळावी म्हणून हे पत्र. दादा तुम्हाला मायेनं बोलावतायत. मी मायेनं हो म्हटलेलं नाही. त्याच धक्क्यावर, त्याच लोकांदेखत, तुम्ही रोज बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहाल. शाळेतल्या बाई रोज त्याच फेरीनं जातात. त्यांना चढताना रोज हात द्याल, त्यांच्या ज्या हातात अजून जोर नाही तो धरून. मागे दादा मोटर चालवतील, काट्याकडे न बघता. आणि तुम्ही उतारूंशी हसून बोलायला गेलात, की ते उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबतील. तो क्षण मी तुमच्यासाठी राखून ठेवलाय. रोजचा.

पत्र फाडून टाका किंवा दादांना दाखवा. दाखवलंत तरी ते तुम्हालाच समजावतील, की वहिनीचं मनावर घेऊ नकोस.

तुम्ही मात्र घ्या.

तुमच्या दादांची बायको आणि यापुढे त्या मोटरीची मिस्त्रीण,
वहिनी