रांगेत न बसणारा डबा

प्रिय ठमे,

ह्या नावाने हाक मारली की तू नाक मुरडतेस, ठाऊक आहे मला. तरी मी तेच लिहिणार. तू जन्मलीस तेव्हा सुईणच म्हणाली, काय गुटगुटीत ठमी आहे गं! तेव्हापासून तू ठमी. आता ठमी म्हणावं असं तुझ्या अंगावर काही उरलेलं नाही, पण त्यावर मी येतेच. फोन केला तर तू कामात असतेस, म्हणून कागद घेतला. फोन कापता येतो, कागद मधेच गप्प बसत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस, मुद्दा वाच. फाडायचं तर वाचून फाड.

पहिलं सांगून टाकते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. तू दारात उभी राहून म्हणालीस, आई, माझ्या घरची शिस्त पाळता येत नसेल तर येऊच नकोस. मी पिशवी उचलली आणि निघाले. घरी आले तर बाबा म्हणाले, महिनाभर राहणार होतीस ना, इतक्यात कशी परत? मी म्हटलं, तिकडे माझं झाकण बसेना. त्यांना काही कळलं नाही. कळेल असं मला वाटलंही नव्हतं.

बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ते जास्त कुरकुरतात. तुझ्याकडचं बघून मी त्यांचं तळलेलं सगळं बंद केलंय. उकडलेल्या भाज्या, वर लिंबू, बास. आता ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर जातात आणि ओठाला तेल लावून परत येतात. म्हणजे बघ, तुझं जे चांगलं आहे ते मी घेते. उगाच डोळे मिटून ओरडत नाही.

आणि चांगलं आहेच. आठवड्याच्या भाज्या एका बैठकीत चिरून ठेवतेस, पोरं चॉकलेटऐवजी गाजर मागतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या खणात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे झोपलेले. मिठाच्या बरणीवर मीठ अशी चिठ्ठी, नाहीतर मीठ स्वतःला विसरून जायचं! आणि तो फ्रिज. एका मापाचे चौकोनी डबे, एकावर एक, भिंत बांधल्यासारखे. निळं झाकण जावयाचं, पिवळं चिंगीचं, हिरवं बारक्याचं, पांढरं तुझ्या सासऱ्यांचं, त्यांना साखरेचा त्रास म्हणून वेगळं. मी आमच्या बेकरीत कामाला असलेल्या सगळ्या बायकांना फोन करून सांगितलं, माझ्या लेकीचा फ्रिज बघायला तिकीट लावलं पाहिजे. नोकरी सांभाळून करते म्हटलं, येड्यागबाळ्याचं काम नाही.

मग एका सकाळी मी दूध शोधत होते. दार जरा उघडं राहिलं की तुझा फ्रिज कोकलायला लागतो, अगदी तुझ्यासारखा. तो कोकलत होता आणि मी तशीच उभी राहिले. ह्यात तुझं झाकण कुठलं? खालचा कप्पा बघितला, मागचा बघितला. नाही. वाटलं, आधीच तुझ्या कामाच्या पिशवीत भरून ठेवलं असेल. म्हणून त्या दिवसापासून मी तुझ्यावर पाळतच ठेवली. हो, ठेवली. आईच आहे मी, चोर नव्हे.

तू सिंकपाशी उभी राहून चिंगीने टाकलेल्या पावाच्या कडा खातेस. बारक्याने चावून फेकलेलं सफरचंद तुझा नाश्ता. कॉफी गार पाणी होईपर्यंत ओट्यावर पडून असते. रात्री सगळ्यांना वाढतेस, मी नंतर बसते म्हणतेस आणि ओटा घासायला लागतेस. ते नंतर काही येत नाही. जावई माणूस वाईट नाही, पण त्याला निळं झाकण तेवढं दिसतं. तुझ्या कमरेच्या पट्ट्याला तू खिळ्याने नवीन भोक पाडलंयस, वाकडं आहे ते. अंगठी गळून पडू नये म्हणून आतून दोरा गुंडाळलायस. बूट घालताना भिंतीला हात लावून डोळे मिटलेस आणि मी बघतेय म्हटल्यावर हसलीस. असलं हसू मला नको दाखवूस.

म्हणून मी डबा आणला. कोपऱ्यावरच्या दुकानात चौकोनी संपले होते, लाल गोल मिळाला, तो घेतला. डाळ, भात, अंडं, काकडी असं भरलं आणि रांगेत मधोमध ठेवला. तुझ्या सासऱ्यांना जरा सरकावं लागलं, पण त्यांनी तक्रार केली नाही, तू केलीस. हे काय? रांग बिघडली, ह्याच्यावर दुसरा डबा बसत नाही. मी म्हटलं, बसू नये म्हणूनच आणलाय. तू काय केलंस आठवतं? त्यातला घास घास बाकीच्या डब्यांत वाटून टाकलास, लाल डबा घासलास, पुसलास आणि माझ्या हातात दिलास. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे घर आहे की दुकानाची काच? तू म्हणालीस, तुला टापटीप जन्मात जमली नाही म्हणून माझी डोळ्यांत खुपते.

नाही जमली. खरं आहे. आपल्या घरात कात्री शोधायला निघालं की मोजा सापडायचा. पण आमच्या बेकरीतली एक शिस्त तुला सांगते. सकाळचा पहिला ट्रे विकायचा नाही. तो भट्टीवर उभं राहणाऱ्यांचा. आधी खायचं, मग पुढचा ट्रे. नव्या मालकाने हे बंद करायला बघितलं, तेव्हा आमची मुकादमबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, उपाशी माणसाचा हात थरथरतो, भट्टीला काय तुमचा नफा कळतो? एक दिवस त्यालाच उपाशीपोटी भट्टीवर उभा केला. दुसऱ्या दिवशी पहिला ट्रे आमचा. तू लहान असताना माझ्या पदराला धरून त्या ट्रेतला कोपऱ्याचा पाव मागायचीस, जास्त भाजलेला, करकरीत. तोंडात मावायचा नाही, तरी सोडायची नाहीस.

आणि आई म्हणजे त्याग, पोटाला चिमटा, असलं काही माझ्या नावावर खपवू नकोस. मी खाल्लंय. पोट भरून खाल्लंय. कधी तुम्हा पोरांच्या आधी खाल्लंय, कारण मला कामावर पळायचं असायचं. तुझी आजी शेजारपाजारी सांगत फिरायची, आमची सून आधी आपलं ताट वाढून घेते. सांगू दे. तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते. मी पडले असते तर तुमचं कोण करणार होतं?

आता निघायच्या सकाळचं, जे मी तुला सांगितलंच नाही. डब्यावरच्या भांडणानंतर मी पिशवी भरत होते आणि चिंगी टेबलाखाली भातुकली मांडून बसली होती. बाहुली, अस्वल, बिनचाकाची मोटार, सगळ्यांना बाटलीच्या टोपणांत वाढत होती. कोणाला काय चालतं, काय चालत नाही, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, आणि तुझं पान कुठंय गं? तिने माझ्याकडे बघितलं, कपाळाला तुझ्यासारखी आठी घातली आणि म्हणाली, आजी, मी आई झालेय ना. आईचं नसतं. आई नुसती झाकणं लावते. मी तडक तुझ्याकडे हेच सांगायला आले होते. पण तोंड उघडायच्या आत तू दारातल्या चपलांवरून सुरू झालीस, त्यावरून पुन्हा डब्यावर आलीस, येऊच नकोस म्हणालीस, आणि मी चिंगीचं ते बोलणं तसंच गिळून बाहेर पडले. माझं ऐकू नकोस, माझं तू कधी ऐकलंस? पण ती पोर बघतेय, ठमे. येत्या सुट्टीच्या दिवशी मी येतेय. विचारत नाहीये, कळवतेय. लाल डबा पिशवीत आहे, सोबत पहिल्या ट्रेतला कोपऱ्याचा पाव. चिंगीच्या समोर, खुर्चीवर बसून, गरम असताना तू खायचंस. दार उघडलं नाहीस तर मी जिन्यात बसेन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन की मी कोणाची आई. हा डबा परत केलास तर ह्याच्या दुप्पट मोठा आणेन, तोही गोल. बिघडू दे रांग.

तुझीच, तोंडाळ, आणि नको म्हटलंस तरी येणारी,
आई