सुमती भवनाचं वीजबिल

पुत्तूर, ६ जून २०१०

चि. वादिराज यास अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. फणस चिकार उतरलेत, खाणारं कोणी नाही. तुझे भावजी गेल्यापासून घरात मी एकटी, दोन दिवे नि एक पंखा. तरी विजेचं बिल तिप्पट येतंय. कचेरीत विचारलं तर साहेब म्हणे, अम्मा, तुमचं हॉटेल आहे, दर हॉटेलचाच लागणार. कारण काय, तर फाटकावरची पाटी, 'सुमती भवन'! आपल्याकडे हॉटेलांचीच नावं भवन, भवन म्हणजे इडली-डोसाच ना!

आता म्हणतात, भवन खोडून निलय करा, पुढच्या महिन्यापासून घरगुती दर लावू, मागचं विसरा. नाहीतर वीज तोडू. अरे, माझ्या नावाची ती पाटी यांनी स्वतः रंगवलेली. तिच्यावर ब्रश फिरवायला हात धजत नाही. काय करू, लवकर कळव.

तुझी अक्का

म्हैसूर, ११ जून

ती. सुमतीअक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या हातच्या इडल्या खाल्लेला माणूस तुला हॉटेलवाली म्हणणार नाही! पाटीला हात लावू नकोस. दर वापर बघून लावायचा, पाटी बघून नाही, हा वीज आयोगाचाच नियम आहे. वीजग्राहकांच्या तक्रार मंचाकडे अर्ज दे, तोवर वीज तोडू नका असंही त्यात माग. वकील नको, तूच बोल. घाबरू नकोस.

तुझा वादिराज

पुत्तूर, २ ऑगस्ट

चि. वादिराजास अ. आ.

निकाल आपल्या बाजूने लागला. घरगुती दर पूर्वीसारखा, जास्तीचे घेतलेले पैसे पुढच्या बिलांत वळते होतील.

पण सुनावणीत वीजकचेरीचा तपासनीस ठासून म्हणाला की तो स्वतः आपल्याकडे जेवलाय. म्हणे, अंगणात पंगत होती, केळीची पानं, मोठाले हंडे. कोणी या-बसा म्हटलं नाही, वाढलं मात्र पोटभर. पानाशेजारी पन्नासची नोट ठेवून तो निघाला, तेव्हाही पुन्हा या असं कोणी म्हणालं नाही. मग त्याने तारीख सांगितली. वादिराजा, ते यांचं तेरावं रे! त्या दिवशी कोण कुणाला या म्हणणार? वाढायला तर तूच होतास!

अध्यक्षांनी मला विचारलं की जेवणाचे पैसे घेता का. मी म्हटलं, हा माणूस माझ्या यजमानांच्या तेराव्याला जेवून गेलाय, त्यांच्या नावाने. त्याचं बिल तेवढं मला लावू नका. तो तपासनीस खुर्चीतून उठून हात जोडून उभा राहिला. मला मात्र घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का