चारही बल्ब चांगले होते

प्रिय अण्णा,

काल तुमचा तेरावा झाला, पाहुणे गेले. आज सकाळी स्टुलावर चढून मी तुमच्या खोलीतला होल्डर उघडला. त्यात जे सापडलं ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीपासून तुम्ही फोनवर एकच सांगत होतात, नवा बल्ब लावला तरी लागत नाही. आणि मी काय म्हणायचे? खराब निघाला असेल, दुसरा आणा. दर वेळी तेच! तुम्ही शेरडं कोंडून धारूरला जायचात आणि नवा घेऊन यायचात. असे चार आणलेत.

बल्ब लागला नाही तर आधी दुसऱ्या होल्डरला लावून बघायचा, हे आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बीडमध्ये लोकांच्या घरी मी रोज तेच करते. तुम्हाला एवढं एक वाक्य सांगायला मला काय झालं होतं?

त्यासाठी स्वयंपाकघरातला चालू बल्ब काढावा लागला असता, आणि तुम्ही आपणहून ते करणार नव्हतातच. ओल्या हातानं बटण दाबून झटका बसला होता, तेव्हा मीच तुम्हाला दरडावलं होतं. चालू बल्बला हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय लाइटीचं काही करायचं नाही. जन्मात माझं दुसरं काही ऐकलं नाहीत, हेच तेवढं कसं ऐकलंत?

शेजारच्या शेवंताकाकू सांगत होत्या, रात्री जेवण उरकलं की खोलीत अंधार म्हणून तुम्ही त्यांच्या ओट्यावर उजेडात येऊन बसायचात. त्यांचा दीर होल्डर बघतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवलंत. "माझी सुमी वायरमन हाय. तिच्या कामाला दुसऱ्याचा हात कावून लागू देऊ?" असं म्हणालात म्हणे.

दोन तासांची तर एसटी आहे, अण्णा. पुढच्या रविवारी येते, पुढच्या रविवारी येते, असं करत राहिले. आले तेव्हा तुम्हाला जमिनीवर घेतलेलं होतं. मग तेरा दिवस तुमच्या जागेवर दिवा तेवत होता आणि वर तो जुनाच बल्ब बंद लटकत होता. पाहुण्यांमध्ये कुणीतरी म्हणालं, अगं, तू तर यातली, बघ की. माझा हातच वर गेला नाही.

आज मेन बंद करून होल्डर खोलला. एक पिन जळून आत रुतून बसली होती, कारण तिच्या मागचा स्क्रू ढिला होता. तो मीच बसवलेला. शिकत असतानाचं माझं पहिलं काम ते. खाली तुम्ही स्टूल धरून उभे होतात, लवकर लाव म्हणून घाई करत होतात. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायची असते, ती मी ओढलीच नाही.

तुमचे चारही बल्ब कोनाड्यात होते, खोक्यासकट. काकू म्हणाल्या, "सुमी आली की दाखवायचेत म्हणत व्हते." एकेक करून स्वयंपाकघरात लावून पाहिले. चारही लागले, अण्णा. स्टुलावरच बसून मी खूप रडले.

नवा होल्डर बसवलाय. दोन्ही वायरी ओढून बघितल्या. तुम्ही आणलेला पहिला बल्ब तुमच्या खोलीत लावलाय. बाकीचे तीन मी बीडला नेते.

एक शब्द देते. यापुढे कुणाही म्हाताऱ्या माणसाचा फोन आला, बल्ब लागत नाही म्हणून, तर मी "दुसरा आणा" म्हणणार नाही. "येते" म्हणेन, आणि त्याच दिवशी जाईन.

तुमची वायरमन,
सुमी