मॉन्स्टेरा परत करण्याबाबत

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ मे

तीर्थरूप सीताआत्या यांना प्रियदर्शनीचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

अरिहंतच्या बाळाचं वजन कळलं (तीन किलो दोनशे, फोटोत जास्त वाटतं, पण वजनाच्या बाबतीत मी फोटोवर विश्वास ठेवत नाही). वहिनींची तब्येत सुधारत असेल, तुमचे गुडघे बंगळूरच्या जिन्याला सरावले असतील आणि तिथल्या ताकाबद्दलचं तुमचं मत बदललेलं नसेल, असं धरून चालते. मी बरी आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि दुसरं स्वतःच बोलून टाकता. या विषयात दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे.

पहिलं वाक्य: तुमच्या मॉन्स्टेराची चार पानं गेली. दुसरं: झाड जिवंत आहे.

पंचवीस तारखेला तुम्ही जयसिंगपूरला परतताना झाड घेऊन जाणार, हे ठरलेलं आहे. ते माझ्याकडे ठेवून जाताना तुम्ही जिन्यात उभ्या राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाला होतात, "तुझ्या मामानं, माझ्या मालकानं लावलंय ते. मेलं तर मला तोंड दाखवू नगंस." मामा हयात असताना स्वतः आठवण झाली की तांब्याभर पाणी घालत आणि नाही झाली की घालत नसत, आणि त्यावर ते अकरा वर्षं जगलं. तरी मी जोखीम घेतली नाही. खिडकीपासून चार फुटांवर कुंडी, थेट ऊन नाही, वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी, चढायच्या काथ्याच्या खांबावर वेगळा फवारा, असा तक्ता करून भिंतीला लावला. पहिला महिना तक्ता बरोबर होता आणि झाड चुकत होतं. अठरा दिवस मी एक थेंब घातला नाही, तरी माती ओली. खालची पानं पिवळी पडली. कुंडीला वास यायला लागला.

शेवटी चिमूटभर नव्हे, चांगली डबीभर माती कारखान्यात नेली. (मी शिरोलीच्या फौंड्रीत साच्याची वाळू तपासते, हे तुम्ही पाहुण्यांना "वाळूत खेळते" असं सांगता. असो.) आमच्या वाळूत पाणी साडेतीन टक्के लागतं, साडेचार झालं की लोखंडात भोकं पडतात आणि माझ्या नावाने ओरड होते. तुमची वीस ग्रॅम माती वाळवली, तर अकरा ग्रॅम उरली. नोंदवहीत पंचेचाळीस टक्के हा आकडा बघून आमचे खातेप्रमुख उदयसिंह साहेब यांनी ओतकाम थांबवण्याचा निरोप धाडला. तो मागे घ्यायला अर्धा तास गेला, आणि "नमुना आत्याच्या कुंडीचा होता" हे मला लेखी द्यावं लागलं.

घराची दुसरी किल्ली धोंडुबाईंकडे असते. मी कामावर गेल्यावर त्या स्वयंपाक-भांड्यांना येतात. झाडाला पाणी घालता का, असं त्यांना तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, न्हाय बाई, तुमी नको म्हणालाय न्हवं. त्या खोटं बोलत नाहीत. मग संशय वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरावर गेला. घरमालक आकारामकाकांनी गवंडी बोलावून माझं छत ठोकून पाहिलं, वरच्या भाडेकरूंना चार शब्द सुनावले, आणि त्या दोन घरांचं बोलणं आठवडाभर बंद होतं. छत कोरडं निघालं.

म्हणून बुधवारी रजा काढून घरी बसले. सकाळी नळाला पाणी आलं. धोंडुबाईंनी कालची भरलेली घागर उचलली, सावकाश कुंडीत रिकामी केली, विसळली आणि ताज्या पाण्याखाली धरली. कुंडीतून जास्तीचं पाणी खालच्या परातीत उतरलं, त्यावर त्यांनी गॅलरी धुतली. मी विचारलं, हे काय.

"ह्ये व्हय? ह्ये शिळं पाणी," त्या म्हणाल्या. "मोरीत ओतायचं व्हय चांगलं पाणी? झाडाला कुटं घातलंय, नुसती घागर रिकामी केलीय."

रोज पाच लिटर. चूक माझ्या प्रश्नात होती. कुंडीत किती पाणी पडतं हे मी विचारलंच नव्हतं, कोण घालतं ते विचारत बसले. (कारखान्यात नवीन आलेल्यांना मी हेच शिकवते.)

रविवारी झाड उपसलं, काळी मुळं कापली, जाड वाळू आणि नारळाचा भुसा घालून पुन्हा लावलं. धोंडुबाईंना शिळं पाणी यापुढे गॅलरीत ओतायला सांगितलं, पण रागाने काहीही बोलले नाही. तेच चुकलं असावं, कारण बोलणी न खाल्लेल्या माणसाला स्वतःच काहीतरी भरपाई करावीशी वाटते. मंगळवारी घरी आले तर ओट्यावर चार पानं एकावर एक नीट रचलेली. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जास्त चिरलेली. आपल्या पाण्याने कीड पडली, पानं भोकं पडून फाटली, आता बाकीचीही जातील, म्हणून त्यांनी ती विळीवर कापून काढली होती. या झाडाची पानं जून झाली की अशीच फाटतात आणि तीच त्याची शोभा, हे मी त्यांना अर्धा तास फोटो दाखवून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग आदी सांगायचं की," त्या म्हणाल्या. "फाटकं म्हंजे चांगलं, हे माणसाला कसं कळायचं?"

तक्त्यात पानांचा रकानाच नव्हता.

सध्या सतरा पानं आहेत. माती ठीक. परवा दुपारी कामावर धोंडुबाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी हातातली वाळू तशीच ठेवून बाहेर आले. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, नवं पान उलगडलं. फाटकं आलंय." मी लगेच घरी गेले नाही. साडेसहाला निघते, ती सहाला निघाले. सात चिरा आहेत.

सांगायचं ते सगळं सांगून झालं. रागवायचं असल्यास पत्र दोनदा वाचून मग रागवावं.

आपली,
प्रियदर्शनी

ता. क. कापलेली चार पानं धोंडुबाईंनी बाटलीत पाण्यात ठेवली आहेत. देठाबरोबर खोडाचं पेर नसल्यामुळे त्यांना मुळं फुटणार नाहीत. त्या रोज पाणी बदलतात. मी सांगितलेलं नाही.

ता. क. २. पत्राचं मूळ कारण राहिलं. खांब संपल्यावर झाडाने भिंत धरली आहे. खोडाला फुटलेली नऊ मुळं भिंतीत घट्ट बसली आहेत. ओढलं तर तुटतील. तेव्हा पंचवीसला झाड नेऊ नये, माझ्याकडेच राहू द्यावं, अशी विनंती आहे. तुमच्यासाठी बाजूच्या फांदीचा तुकडा मुळं फुटवून तयार ठेवला आहे. तोही मामांचाच.

ता. क. ३. वरच्या मजकुरात एक दुरुस्ती. ओलं फडकं वीस मिनिटं धरलं तर मुळं भिंतीपासून सुटतात. मी एक सोडवून पाहिलं होतं. विनंती तीच आहे.