तीन घोट, ह्यांच्यासाठी

गुरुवार, १४ डिसेंबर १९७८

धंतोलीच्या दवाखान्यातून ह्यांना घरी आणून आठवडा झाला. घशाच्या ऑपरेशनपासून बोलणं बंद, दूधसुद्धा नाकातल्या नळीने. आणि आज आमची सुधा परदेशातून तीन हलक्या लाल वाइन घेऊन आली. फ्रान्सची, इटलीची, जर्मनीची. बाबांसाठी आधीच घेऊन ठेवल्या होत्या म्हणे. वेडी पोर! मी लपवणार, तोच ह्यांनी पाटीवर लिहिलं, ‘तू चाख. मला सांग.’

पूर्वी हे एका घोटात द्राक्षांचा मुलूख ओळखायचे आणि मी नुसती हसायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सूर्यास्तावर निबंध लिहून घेतले, चवीवर एकही नाही. फ्रान्सची जांभळासारखी, म्हटलं. इटलीची आंबट, अंबाडीच्या बोंडांसारखी. लगेच पाटी पुढे, ‘आणि गिळल्यावर?’ गिळल्यावर काय? मला कुठे कळतं त्यातलं!

"बाई, साहेबाले काहून तरसवून राहिल्या?" ह्यांच्या शुश्रूषेला ठेवलेली आया पुटपुटली.

तरसवतेय का मी? मी गिळलं की ह्यांचाही गळा हलत होता. जर्मनीचा घोट घेतला तेव्हा ते नीट दिसलं, आणि मग मला गिळवेचना. घोट तोंडात तसाच धरून बसले. हे डोळे मिटून वाट पाहत होते.